तोंडचे पाणी का पळते?

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी होती. चिपळूणला माझ्या खालाच्या घरी दिवसभर धावपळ होती. कुर्बानीचे वाटे झाले, शेजारीपाजारी डबे गेले, मोठी पातेली घासून पालथी घातली आणि रात्री उशिरा सगळे आडवे झाले. बाहेर पाऊस कोसळत होता. पण जुलैत कोकणात पाऊस कोसळायचाच, त्याचे कोणाला काय वाटणार? पहाटेच्या अंधारात खालूंना जाग आली ती एका विचित्र आवाजाने. पलंगाखालच्या चपला तरंगत होत्या आणि पलंगाच्या पायावर आपटत होत्या. वाशिष्ठीचे पाणी घरात आले होते.

पुढच्या तासाभरात त्या घरात जे घडले ते मी नंतर अनेकदा ऐकले आहे. खालाचे वय तेव्हा ५८. गुडघे दुखतात म्हणून ती जिना एकेक पायरी टेकत चढते. त्या पहाटे ती माळ्यावर चार खेपा चढली-उतरली. पहिल्या खेपेला कडेवर चार वर्षांचा नातू, मग कागदपत्रांची पिशवी, मग पिठाचा डबा, मग खालूंची औषधे. खालूंच्या पोटात अशी कळ आली की त्यांना आधी संडास गाठावा लागला. आणि भाभी, म्हणजे खालाची सून, जी एरवी सगळे घर एकहाती सांभळते, बँक-बाजार-शाळा सगळे बघते, ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर हातात रिकामे पातेले घेऊन उभी राहिली. खाला ओरडत होती, "अगं, वर ये!" भाभीला ऐकू येत होते, पण पाय उचलत नव्हता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. शेवटी खालाने दंडाला धरून तिला वर ओढले.

अल्लाहच्या कृपेने सगळे वाचले. पाणी ओसरले, चिखल उपसला, फ्रिज आणि कपाटे भंगारात गेली. पण एक गोष्ट घरात राहून गेली. जो तो भाभीला चिडवू लागला. "पुतळा झाली होती पुतळा!" आखातातून व्हिडिओ कॉलवर भाईजानही हसले. भाभी हसून वेळ मारून नेई. एकदा मात्र स्वयंपाकघरात ती मला हळूच म्हणाली, "तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता ना? मला सांगा, माझा मुलगा घरात होता आणि मी त्याला उचललं नाही. मी कसली आई?"

हा लेख मी तिच्या त्या प्रश्नासाठी लिहीत आहे. एकाच घरात, एकाच पाण्याला तीन माणसांच्या शरीरांनी तीन वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांतले एकही उत्तर चुकीचे नव्हते, हे मला सांगायचे आहे.

शरीराला आधी कळते

खाला सांगते, "मी पोराला उचललं आणि मग मला कळलं की पाणी आलंय." ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. पण शरीराचा क्रम खरोखरच असा आहे.

आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, बदामाच्या आकाराचा एकेक लहानसा भाग असतो. त्याचे नाव अमिग्डाला, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. धोका ओळखण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. जोसेफ लेडू या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या संशोधनातून दाखवले, की डोळ्या-कानांकडून आलेली माहिती या बदामापर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एक वाट लांबची आहे. ती मेंदूच्या विचार करणाऱ्या थरांतून जाते. तिथे नीट तपासणी होते, पण वेळ लागतो. दुसरी आडवाट आहे. ती जवळची, पण तिच्यावरून मिळणारे चित्र धूसर असते. अंधारात दोरी दिसली की आपण आधी उडी मारतो आणि मग "अरे, दोरीच आहे" म्हणून हसतो, ते या दोन वाटांमुळे. शंभर वेळा दोरीला साप समजलो तर नुकसान फारसे नाही. सापाला एकदा दोरी समजलो तर जीव जाईल. म्हणून शरीर आधी हालते आणि विचार मागून येतो.

बदामाने घंटा वाजवली की निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे जातो. तिथून मज्जातंतूंचे जाळे क्षणार्धात सगळ्या शरीराला उठवते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी रक्तात अॅड्रिनॅलिन सोडतात. पाठोपाठ, जरा सावकाश, त्याच ग्रंथींच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल येते. अॅड्रिनॅलिन काही सेकंदांत काम सुरू करते. कॉर्टिसॉलची पातळी शिगेला पोहोचायला साधारण अर्धा तास लागतो. पहिले धक्का देऊन उठवणारे, दुसरे लांबच्या दौडीसाठी शिदोरी पुरवणारे.

भाषेला सगळे ठाऊक होते

वर्गात हा धडा शिकवताना मी मुलांना वाक्प्रचार विचारते. भीतीचे वाक्प्रचार मराठीत इतके आहेत, की फळा भरतो. आणि गंमत अशी, की त्यांतल्या बहुतेकांमागे शरीराची एकेक खरी हालचाल आहे.

काळजाचा ठोका चुकतो, मग छाती धडधडते. एरवी मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोके देणारे हृदय भीतीत सहज १२०च्या पुढे जाते. हातापायांच्या मोठ्या स्नायूंना पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी जास्त रक्त हवे असते. ते रक्त त्वचेकडून आणि पोटाकडून काढून घेतले जाते. म्हणून चेहरा पांढराफटक पडतो आणि हातपाय गार पडतात. त्वचेत रक्त कमी असले की वरवर जखम झाली तरी रक्तस्रावही कमी होतो.

तोंडचे पाणी पळते, घशाला कोरड पडते, कारण जेवण पचवण्याची ही वेळ नव्हे. लाळ आटते आणि जठराचे काम थांबते. हार्वर्ड विद्यापीठातले वॉल्टर कॅनन हे शास्त्रज्ञ १८९७च्या सुमारास मांजरांच्या पोटातली हालचाल क्ष-किरणांनी पाहत होते. मांजर घाबरले किंवा चिडले की जठराची हालचाल एकदम थांबते, हे त्यांच्या लक्षात आले. हाच धागा धरून त्यांनी १९१५ साली भीती, राग, भूक आणि वेदना यांत शरीर कसे बदलते यावर पुस्तक लिहिले. 'लढा किंवा पळा' ही कल्पना त्यांच्यामुळेच जगभर रुजली.

पोटात गोळा येतो तोही उगाच नाही. वरचे पचन थांबत असताना मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढू शकते. परीक्षेच्या सकाळी मुले तीनतीनदा संडासला जातात आणि पुराच्या पहाटे खालूंना कळ आली, त्याचे कारण एकच.

अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो आणि तो आखडतो. कुत्रे अंगावर आले की मांजर केस पिंजारून दुप्पट दिसते. आपल्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, पण स्नायू अजून आपले काम करतात. डोळे विस्फारतात, बाहुल्या मोठ्या होतात, जास्त उजेड आत येतो. श्वासनलिका रुंदावतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. पाय लटलट कापतात, कारण स्नायूंना धावण्याचा हुकूम मिळालेला असतो आणि आपण जागच्या जागी उभे असतो.

खालाच्या गुडघ्यांचे काय झाले, तेही यातच आले. मोठ्या धोक्यात मेंदू वेदनेचे निरोप काही काळ दाबून ठेवतो. शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामके तयार करते. खालाच्या तळपायात काच घुसली होती. ते तिला दुपारी कळले, जेव्हा सगळे वर सुरक्षित बसले होते आणि कोणीतरी पायरीवरचा रक्ताचा डाग दाखवला. दुसऱ्या दिवशी तिला गुडघ्यांमुळे उठवेना. ताकद कुठून उसनी आणली होती, ती अशी व्याजासकट फेडावी लागते.

आणि ती पहाट खालाला "कयामतीएवढी लांब" वाटली, त्याचाही अभ्यास झाला आहे. डेव्हिड ईगलमन या शास्त्रज्ञाने स्वयंसेवकांना सुमारे ३१ मीटर उंचीवरून जाळ्यात पडू दिले. प्रत्येकाच्या मनगटावर वेगाने लुकलुकणारे आकडे होते. वेळ खरोखर मंदावली असती, तर पडताना ते आकडे वाचता आले असते. तसे झाले नाही. पण नंतर विचारल्यावर त्यांना आपले पडणे खऱ्यापेक्षा लांबलेले वाटले. भीतीत मेंदू आठवणी इतक्या दाट साठवतो, की मागे वळून पाहताना तो काळ लांब भासतो.

थिजणे हेही उत्तरच आहे

आता भाभीकडे येऊ. 'लढा किंवा पळा' हे शब्द गाजले, पण त्यांत एक तिसरे उत्तर राहून गेले, ते म्हणजे थिजणे. ससा कुत्र्याची चाहूल लागताच पळत नाही; आधी दगडासारखा बसतो. हालचाल टिपणाऱ्या शिकाऱ्याला स्थिर सावज दिसत नाही. पाल, कोंबडी, हरीण, सगळ्यांत हे आढळते. माणसातही.

थिजलेल्या शरीरात आळस नसतो. उलट गाडीचा वेग वाढवण्याचे आणि ब्रेकचे असे दोन्ही पेडल एकाच वेळी दाबावे, तसे काहीसे आत चाललेले असते. स्नायू ताठ असतात, पण हृदयाचे ठोके काही काळ मंदावतात. स्वरयंत्राचे स्नायू आखडल्याने आवाज निघत नाही. आपण म्हणतो बोबडी वळली, दातखीळ बसली. आजूबाजूचे दिसत असते, ऐकू येत असते, पण हुकूम हातापायांपर्यंत पोहोचत नाही. हा निर्णय मेंदूच्या देठाजवळच्या फार जुन्या भागांत होतो, आणि तिथे 'मी आई आहे, मी काय करावे' हा विचार पोहोचायच्या आधीच होतो.

मी भाभीला हेच सांगितले. तू मुलाला सोडून उभी राहिली नाहीस. तुझ्या शरीराने तुला विचारलेच नाही. खाला धावली हे तिचे धैर्य आणि तू थिजलीस हा तुझा भित्रेपणा, असा हिशेब शरीर मांडत नाही. आज जी धावली, ती उद्या वेगळ्या प्रसंगात थिजू शकते.

ही गोष्ट पुरापुरती नाही. वाचकहो, जरा थांबून याचा विचार करा. एखाद्या मुलीवर हात टाकला जातो आणि मग घरात, मोहल्ल्यात, कधी चौकशीतही पहिला प्रश्न येतो, "ओरडली का नाही?" स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या एका उपचार केंद्रात अत्याचारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी सांगितले, की त्या वेळी आपले शरीर मोठ्या प्रमाणात थिजून गेले होते. म्हणजे न ओरडणे ही संमती नव्हे आणि दोषही नव्हे. बहुतेक शरीरे तेच करतात. आपल्या मुलीने कधी धीर करून काही सांगितले, तर हा प्रश्न आपल्या तोंडून निघणार नाही, एवढे आईवडिलांनी आजच ठरवून ठेवावे.

भीती नसती तर?

कोणी म्हणेल, एवढा त्रास देणारी भीती नसतीच तर बरे झाले असते. अमेरिकेत एक स्त्री आहे, शास्त्रज्ञ तिला केवळ एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखतात. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात तिच्या मेंदूतले ते दोन्ही बदाम निकामी झाले. साप, कोळी, भुताचे चित्रपट, कशानेच ती घाबरत नाही. एका रात्री बागेत एका माणसाने तिच्या गळ्याला सुरी लावली. ती घाबरली नाही, तिथून चालत निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बागेतून गेली. ऐकताना हे शौर्य वाटते. पण तिला पुन्हा पुन्हा अशा संकटांत सापडावे लागले, कारण 'इथून दूर राहा' असे सांगणारी घंटाच तिच्याकडे नव्हती.

पुढे एक नवल घडले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा एकदाच हुंगायला दिली. गुदमरल्याची जाणीव होताच तीही घाबरून हात झाडू लागली. बाहेरच्या धोक्याची घंटा बंद होती, पण श्वास कोंडण्याच्या भीतीची वाट वेगळी निघाली. जीव वाचवण्याची सोय शरीरात एकाच ठिकाणी ठेवलेली नाही. भीती ही एक रखवालदार आहे. रखवालदार काढून टाकायचा नसतो. तो रात्रंदिवस ओरडत राहिला, तर मात्र त्याच्याकडे पाहावे लागते.

पाणी ओसरले, भीती ओसरली नाही

कारण खालाच्या घरात पुढे नेमके तेच झाले. २०२२चा जून आला. पहिल्या जोराच्या पावसात रात्री दोन वाजता खाला उठून बसली. छाती धडधडत होती, घाम फुटला होता, बोटांना मुंग्या आल्या होत्या. "माझा अटॅक आला, मी मरते" असे ती म्हणू लागली. दवाखान्यात नेले, ईसीजी काढला, तो नीट आला. तिथे ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांनी सांगितले, "काही नाही, घाबरल्या आहेत. घरी न्या." हे निदान कदाचित खरे असेल, पण ते अर्धेच होते. "काही नाही" ऐकून खाला शरमली. त्यानंतर कितीतरी रात्री ती कोणाला न उठवता तशीच बसून राहिली.

काय होत होते ते समजून घेऊ. भीतीच्या क्षणी तो बदाम शेजारच्या आठवण साठवणाऱ्या भागाला 'हे पक्के लिहून ठेव' असे बजावतो. मग त्या रात्रीचा पावसाचा आवाज, चिखलाचा वास, अंधार, वीज गेलेली असणे, सगळे धोक्याच्या खुणा म्हणून नोंदले जाते. पुढे त्यांतली एक खूण भेटली तरी घंटा वाजते. छाती धडधडते, श्वास जोरात चालतो. श्वास गरजेपेक्षा जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने चक्कर येते आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांची पुन्हा भीती वाटते. असे चक्र फिरू लागते. ते साधारण दहा मिनिटांत टोकाला पोहोचते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो जीव घेत नाही, पण आपण मरतो आहोत असे वाटायला लावतो. हे नाटक नव्हे.

झेब्र्यामागे सिंह लागतो तेव्हा झेब्र्याच्या अंगातही हेच सगळे होते. पण पाचदहा मिनिटांत निकाल लागतो. वाचला तर तो पुन्हा गवत खाऊ लागतो. माणूस मात्र सिंह निघून गेल्यावरही त्याची आठवण काढतो, उद्याच्या सिंहाची काळजी करतो. कर्ज, मुलाची नोकरी, रोजची भांडणे, बातम्या, यांनाही शरीर तेच उत्तर देते. काही मिनिटांसाठी बनवलेली व्यवस्था महिनोन् महिने चालू राहिली, तर रक्तदाब वाढतो, साखर वाढते, झोप उडते, पचन बिघडते, आजारांशी लढण्याची ताकद कमी होते. घरात मधुमेह असलेले कोणी असेल, तर मोठ्या काळजीच्या दिवसांत त्यांची साखर चढते, हे अनेकांनी पाहिले असेल.

छातीत दुखले, तर अंदाज बांधू नका

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. "घाबरली असेल" असे म्हणून छातीतले दुखणे घरीच सोडून देऊ नका, कारण भीती हृदयाला खरोखर इजा करू शकते. १७ जानेवारी १९९४ला पहाटे लॉस एंजेलिस परिसरात भूकंप झाला. तिथे आदल्या आठवड्यात हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू दिवसाला सरासरी ४ ते ५ होते. त्या एका दिवशी ते २४ झाले. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९०च्या सुमारास एक वेगळा विकार नोंदवला. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा दिसतो. त्या मडक्यावरून या विकाराचे नाव ताकोत्सुबो पडले. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त आढळतो. उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात.

म्हणून छातीत दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दम लागणे, थंड घाम अशी लक्षणे पहिल्यांदाच दिसली, तर वेळ न घालवता १०८ला फोन करा. भीती आहे की हृदय, हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील. दुआ जरूर करा, पण दवेला उशीर करू नका.

घरातली माणसे काय करू शकतात

तपासणीत हृदय चांगले निघाले, तरी काम संपत नाही. खालाला पुढे एका मानसोपचार तज्ज्ञांनी नीट समजावून सांगितले. त्यातले आणि माझ्या वाचनातले जे घरात उपयोगी पडले, ते इथे देते.

पहिली गोष्ट श्वासाची. हृदयाचे ठोके श्वास घेताना किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, कारण श्वास सोडताना शरीराचा नैसर्गिक ब्रेक लागतो. म्हणून चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सोडायचा. पाच मिनिटे पुरतात. घाबरलेल्या माणसाला नुसते "शांत हो" म्हणून उपयोग नाही. शेजारी बसून त्याच्याबरोबर आकडे मोजा. गार पाणी तोंडावर घेतल्यानेही हृदय मंदावायला मदत होते. वुजू केल्यावर जरा बरे वाटते, असे खाला आधीपासून म्हणायची.

दुसरी गोष्ट बोलण्याची. ज्याला सांगायचे आहे त्याचे ऐका. ज्याला नाही सांगायचे त्याला "सांग, मन मोकळं कर" म्हणून खोदू नका. आणि चिडवू नका. चिडवल्याने माणूस भीती सोडत नाही, ती लपवायला शिकतो.

तिसरी गोष्ट मुलांची. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या अशा टेबलावर ठेवले, जिथे पुढे खोल खड्डा असल्यासारखे दिसे. समोर आई उभी. आईचा चेहरा हसरा असला, तर १९ पैकी १४ बाळे काच ओलांडून आली. आईचा चेहरा घाबरलेला असला, तर १७ पैकी एकही बाळ आले नाही. बाळे धोका आईच्या डोळ्यांतून वाचतात. म्हणून मुलाने जेवावे, झोपावे यासाठी 'जिन येईल', 'पोलीस नेईल', 'बागुलबुवा आला' ही अस्त्रे वापरू नयेत. ती घंटा खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवावी. आणि संकटात मुलाशी खोटे बोलू नये. "पाणी आलंय, आपण वर जातोय, तू माझा हात धर" एवढे साधे वाक्य त्याला पुरते.

चौथी गोष्ट मदतीची. महिना उलटूनही रात्री दचकून जाग येत असेल, तोच प्रसंग डोळ्यांसमोर येत असेल, माणूस त्या जागा, ते आवाज टाळू लागला असेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. यावर उपचार आहेत. त्यांत भीतीच्या खुणांची सुरक्षित जागी, थोडी थोडी सवय करून दिली जाते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येते.

हे सगळे आजचेच शहाणपण आहे असे मात्र समजू नये. नवव्या-दहाव्या शतकात बल्ख शहराचे, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातले विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोघांच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. मनाच्या विकारांत त्यांनी राग, दुःख, वस्वसे यांच्याबरोबर भीतीला वेगळे स्थान दिले. शरीर आजारी पडले की मन त्रासते आणि मन त्रासले की शरीर आजारी पडते, हे त्यांनी मांडले. त्यांचा एक सल्ला मला फार पटतो. निरोगी माणूस अडीअडचणीसाठी घरात औषधे ठेवतो. तसेच मन शांत असताना चांगले, धीर देणारे विचार साठवून ठेवावेत, म्हणजे संकटात ते हाताशी येतील.

खालाच्या घराने हे आपल्या पद्धतीने केले आहे. मे संपत आला की कागदपत्रे आणि औषधे प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून माळ्यावर जातात. कोणी कोणाचा हात धरायचा, वीज कोणी बंद करायची, हे ठरलेले आहे आणि पावसाआधी एकदा सगळे ते करून बघतात. संकटात विचार मागे पडतो, पण सवय बरीचशी टिकते. नातवाला वर नेण्याचे काम भाभीने मागून घेतले. तिला चिडवणे बंद झाले आहे. भाईजान सुट्टीवर आले तेव्हा त्यांना बसवून मी हे सगळे समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग भाभीला म्हणाले, "मला माहीत नव्हतं."

खाला जोराच्या पावसात अजूनही कधी कधी उठून बसते. आता ती एकटी बसत नाही. भाभीही उठते, चहा ठेवते, आणि दोघी मिळून श्वास मोजतात.